रादोमिरच्या घरचा बिनआवाजी पॉवर सप्लाय

मी एक पॉवर सप्लाय बोलतोय. बोलतोय खरा, पण माझा आवाज काही तुम्हाला येणार नाही. आवाज करत नाही म्हणूनच तर मला या घरात आणलं.

कॉम्प्युटरचा डबा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आत, मागच्या अंगाला, एक करडी पेटी स्क्रूंनी आवळलेली असते. ती मी. भिंतीतून येणारी आडदांड वीज घ्यायची, आतल्या नाजूक मंडळींना सोसेल असं तिला वळण लावायचं आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची ज्याला त्याला द्यायची, एवढंच माझं काम. स्क्रीनचं कौतुक होतं, कीबोर्ड पुसला जातो. माझी आठवण येते ती काही बिघडल्यावर. त्याचं मला वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटतच नाही. आत ठरावीक मापापेक्षा जास्त तापलं की मी आपोआप बंद पडतो, तशी माझी घडणच आहे. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते मी शांतपणे सांगेन. त्याला तुम्ही कोरडेपणा म्हणालात तरी चालेल.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या आत तांब्याची वेटोळी बसवली, त्यांच्यावर पांढरा गोंद लावला, म्हणजे ती थरथरून गुणगुणू नयेत. मग आम्हा सगळ्यांना एका तापलेल्या खोलीत चार तास चालवून पाहिलं. ज्यांना सोसलं नाही ते तिथेच बाजूला काढले. मला सोसलं. नंतर खोका, जहाज, ट्रक, आणि शेवटी सर्बियातल्या वाल्येवो गावात झिवोरादच्या दुकानातली मधली फळी.

त्या फळीवर मी सात महिने पडून होतो. माझ्या शेजारी ज्वाळांची चित्रं काढलेले, मोठमोठे आकडे छापलेले भाईबंद यायचे आणि आठवड्याभरात विकले जायचे. माझ्यावर चित्र नव्हतं, आकडा लहान होता, किंमत मात्र त्यांच्या दुप्पट. झिवोराद गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकला होता. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, कॉफीचं भांडं दिवसभर गरम ठेवणारा माणूस. लोक त्याचा सल्ला मागायचे, त्याची कॉफी प्यायचे आणि ज्वाळावाला घेऊन जायचे.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी नेवेना आली. औषधांच्या दुकानात काम करणारी, चौतीस-पस्तीसची, अंगावरचा पांढरा कोट काढायचंही राहून गेलेलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये बसवायला असं काहीतरी द्या, की तो चालू आहे हे कळणारच नाही. अजिबात आवाज नको."

"पोरी, बायका माझ्याकडे असला नवरा मागायला येतात," झिवोराद म्हणाला. "तोही माझ्याकडे नसतो."

ती हसली नाही. तिने फोन काढला आणि त्याच्या कानाजवळ धरला. फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला. जाड, सावकाश, प्रत्येक शब्दाला जागा करून देणारा. "शुभ सकाळ, स्तोयांका. कॉफी झाली का?" आणि त्या आवाजाच्या खाली, बाटलीत माशी अडकावी तशी सलग घुंघुं.

झिवोरादच्या हातातला कप खाली आला. "हा तर रादोमिरकाकांचा आवाज. स्टँडवरच्या."

"मी त्यांची मुलगी."

रादोमिरला पाहिलेली माणसं गावात थोडी होती, पण त्याचा आवाज न ओळखणारं कोणी नव्हतं. एकतीस वर्षं त्याने बसस्टँडवरच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. बेकरीत जाऊन त्याने नुसतं "एक बुरेक द्या, चीजचा" म्हटलं, तरी मागची रांग मान वळवून बघायची आणि एखादी म्हातारी हमखास विचारायची, "कुठल्या फलाटावर?" झिवोराद सैन्यात भरती व्हायला निघाला तेव्हा त्याची गाडी याच आवाजाने पुकारली होती. हे त्याने नेवेनाला तिथेच सांगितलं.

मग नेवेनाने तिचं सांगितलं. रादोमिरच्या गळ्यात गाठ होती. अकरा दिवसांनी बेलग्रेडला ऑपरेशन. त्यात स्वरयंत्र पूर्ण काढायचं होतं. माणूस वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ती रोजच्या वापरातली तीनशे वाक्यं वडिलांच्या आवाजात साठवून ठेवणार होती. नंतर बटण दाबलं की त्यांचाच आवाज बोलेल. अकरा दिवस हातात होते आणि घरातला कॉम्प्युटर प्रत्येक वाक्यात गुणगुणत होता.

झिवोरादने दुकानाच्या दाराला 'येतोच' अशी पाटी लावली, मला बगलेत मारलं आणि तिच्याबरोबर निघाला. जाताना कागदी रुमालांच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी खिशात टाकली.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दारात चपलांची रांग, पाहुण्यांच्या वेगळ्या. खिडकीजवळ सोफा, सोफ्यावर रादोमिर, त्याच्या गळ्याभोवती तपकिरी लोकरीचा मफलर. झिवोरादने कॉम्प्युटर उघडला, पुठ्ठ्याच्या नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक आतल्या एकेका वस्तूजवळ धरत गेला, डॉक्टर छाती तपासतो तसा. हा नाही. हाही नाही. शेवटी जुन्या पॉवर सप्लायपाशी थांबला.

"चोर सापडला," तो म्हणाला. त्याने त्याला बाहेर काढून नेवेनाच्या हातात दिलं. "वर साडेसातशे वॅट लिहिलंय. वजन बघ. रिकामी काड्यापेटी आहे. आता हा धर."

तिच्या दुसऱ्या हातात मी होतो. तिचा तो हात खाली गेला.

"आकडा वाचून घ्यायचा नसतो," झिवोराद म्हणाला. "तुमचा कॉम्प्युटर खातो दीडशे. मग खरोखरचा साडेचारशे भरपूर झाला. ताकदीच्या निम्म्याहून कमी काम असलं की याला घाम फुटत नाही, आणि घाम नाही तोवर याचा पंखाच फिरत नाही. फिरलाच तर मोठा आहे, सावकाश फिरतो. आणि हमी बघायची. याची सात वर्षांची आहे. त्या काड्यापेटीची सहा महिन्यांची होती."

"आणि पंखा फिरला की वारा कुठे जाणार?" दारातून एक आवाज आला. ती स्तोयांका, रादोमिरची बायको. हातात कॉफीचा ट्रे.

"मागून बाहेर, काकू."

"मागे तर रादोमिर बसतो."

तिच्या बोलण्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मला बसवलं, बटण दाबलं. सगळे श्वास रोखून ऐकत राहिले. ऐकायला काहीच नव्हतं. रादोमिरने भुवया उंचावल्या.

"हा चालू आहे?"

"चालू आहे, काका."

"मग याला माझ्या सासूबाईंकडून काहीतरी शिकवण मिळायला हवी होती," रादोमिर म्हणाला. "म्हणजे उलटं. त्यांना याच्याकडून."

"मेलेल्या माणसाला तरी सोड," स्तोयांका म्हणाली, आणि कॉफीबरोबर दोन चमचे गोड मुरंबा झिवोरादपुढे ठेवला.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. इथल्या लोकांना थंडीचं भय नाही, बर्फाचं नाही. भय आहे ते प्रोमायाचं. समोरासमोरची खिडकी आणि दार एकाच वेळी उघडं राहिलं की मधून जो वारा वाहतो, तो प्रोमाया. तो मानेत शिरतो, कमरेत शिरतो, कानात शिरतो, तोंड वाकडं करतो. शिकलेली माणसंही बसमध्ये उकडून निघतील, पण दोन खिडक्या एकदम उघडू देणार नाहीत. औषधांच्या दुकानात नेवेनाकडे येणारं निम्मं गाव दुखण्याचं हेच कारण सांगायचं.

स्तोयांकाचं तर ठाम मत होतं. डॉक्टर सिगारेटला दोष देत होते. ती म्हणायची, "माझे वडील नव्वदीपर्यंत ओढत होते. सिगारेट कसली? याच्या त्या खोलीला पुढे फलाटाकडे झरोका आणि पाठीमागे दार. एकतीस वर्षं हा प्रोमायात बसून ओरडला. गळा जाणार नाही तर काय होणार?"

आणि रादोमिरची खोड अशी, की तो खिडकी उघडायचा. वितभरच. वर्तमानपत्र हातात घेऊन, जणू आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने. पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून स्तोयांका यायची. "रादोमिर! प्रोमाया!" खिडकी धाडकन लावायची, त्याचा मफलर घट्ट करायची, दोन वाक्यं ऐकवायची आणि जायची. अर्ध्या तासाने पुन्हा वितभर फट. दिवसातून सहा-सात वेळा. मला मोजायची सवय आहे, म्हणून मी मोजायचो. एकदा नऊ वेळा झालं.

"हट्टी गाढव," ती म्हणायची.

"गुदमरतं गं," तो म्हणायचा.

मग रेकॉर्डिंग सुरू झालं. मायक्रोफोनची वायर आखूड होती आणि तिची जागा डब्याच्या मागच्या बाजूला, म्हणून नेवेनाने डबा आधीपासूनच सोफ्याजवळच्या तिवईवर ठेवला होता, पाठ रादोमिरकडे करून. एका बटणावर लाल कागदाचा तुकडा चिकटवला. वाक्य संपलं की ते दाबायचं, म्हणजे वाक्य साठवलं जाईल. दाबलं नाही तर गेलं.

नेवेनाने वाक्यांची यादी केली होती. पाणी दे. मीठ कमी आहे. हे नको. दुखतंय. दुखत नाही. टीव्हीचा आवाज वाढव. कोण आलंय? रादोमिर चष्मा लावून एकेक वाक्य असं वाचायचा, जणू बेलग्रेडची गाडीच सुटते आहे.

"बाबा, जरा साधं बोला ना. 'मीठ कमी आहे' हे तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला सांगताय."

"कमी असलं तर कळू दे की जिल्ह्याला," तो म्हणायचा आणि स्वयंपाकघराकडे बघायचा.

"उद्यापासून तूच कर स्वयंपाक," तिकडून उत्तर यायचं.

यादीत चौऱ्याण्णवावं वाक्य त्याने स्वतः घातलं होतं. "खिडकी उघड गं जरा, गुदमरतंय." ते ऐकून स्तोयांका हातातलं फडकं घेऊन बाहेर आली.

"हे कशाला? गळा गेल्यावरही मशीनकडून माझा छळ करणार?"

"बायको, एवढी सोय तर ठेवायलाच हवी."

तिने तोंड फिरवलं आणि ती आत गेली. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला. रादोमिरने ते ऐकलं. लाल बटण दाबून पुढचं वाक्य घेतलं.

त्या दिवसांत मी चोख काम केलं. प्रत्येक वाक्य स्वच्छ उतरलं. त्याचा श्वास, ओठ उघडतानाचा बारीक आवाज, चष्म्याची काडी मिटल्याचा टक. माझा मागमूसही नाही. मला अभिमान वाटला असेल तर तेव्हाच.

फक्त खोली फार गरम असायची. हीटर मोठा, खिडकी बंद. दुपारनंतर माझा पंखा सावकाश फिरू लागायचा आणि मागून कोमट वारा निघायचा. स्तोयांकाने एकदा डब्यामागे हात धरून पाहिलं.

"वारा येतोय. थेट याच्या गळ्यावर."

"आई, गरम वारा आहे तो. आणि तिथे काही लावू नकोस, मशीन गुदमरेल."

"गरम असला तरी वाराच ना?"

"आई."

"बरं बाई. तुझं खरं," स्तोयांका म्हणाली.

दहावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेलग्रेडची गाडी होती. नेवेना इस्पितळाचा कागद आणायला गेली. यादीतली शेवटची बारा वाक्यं उरली होती. रादोमिर स्तोयांकाला म्हणाला, "बाजारातून कोवळा कांदा आण. आज कोवळा कांदा आणि चीज खाईन म्हणतो."

"घरात कांदा आहे."

"तो म्हातारा आहे. तुझ्यासारखा."

"आरशात बघ," ती म्हणाली आणि पिशवी काढली.

तो गुळण्या करायला न्हाणीघरात गेला. तेवढ्यात स्तोयांका डब्यापाशी आली. सोफ्यावर त्याचा तपकिरी मफलर पडला होता. तिने तो चौपदरी केला आणि माझ्या पाठीच्या जाळीवर दाबून बसवला, कडा बोटांनी आत खोचल्या. वारा थांबतोय का ते तळहाताने पाहिलं. थांबला होता. तिने दार लावून घेतलं आणि पायऱ्या उतरून गेली.

तिच्या हातात राग नव्हता, घाईही नव्हती. लहान मुलाच्या कानांवरून टोपी ओढावी तसे ते हात होते. हे मी साक्षीदार म्हणून सांगतो.

रादोमिर आला, बसला. त्याची नजर कागदावर आणि लाल बटणावर, डब्याच्या पाठीकडे त्याने पाहिलंच नाही. बारा वाक्यं झाली. बारा वेळा लाल बटण. माझ्या आत उष्णता साठत होती. पंखा जोरात फिरवला, पण हवेला वाटच नव्हती. लोकर तापल्याचा वास यायला लागला. त्याला तो आला नाही, त्याचं नाक सर्दीने बंद होतं.

यादी संपली. त्याने चष्मा काढला. पायऱ्यांवर पाऊल वाजत नाही याची खात्री करून घेतली. मग डोळे मिटले आणि यादीत नसलेलं काहीतरी बोलायला लागला. या वेळी गाडी पुकारल्यासारखा नाही, साधा, अगदी हळू. "स्तोयांका," अशी सुरुवात केली. पाच-सहा वाक्यं होती. सगळी मी ऐकली.

त्याचा शेवटचा शब्द संपला आणि मी बंद पडलो.

मी आणखी क्षणभर चालू राहू शकलो असतो का? नाही. मापापेक्षा जास्त तापलं की वीज तोडायची, म्हणजे बाकीचे वाचतात, असं मला बनवतानाच आत घातलेलं आहे. ते माझ्या हातात नसतं. मी नियमाप्रमाणे वागलो. हे वाक्य मी गेली आठ वर्षं स्वतःला सांगतो आहे.

रादोमिरने डोळे मिटलेलेच ठेवून लाल बटण दाबलं. मग उघडले. स्क्रीन काळा. त्याने आणखी दोनदा बटण दाबलं. मग हसला, खांदे उडवले.

स्तोयांका आली. दारातच तिला वास आला. पिशवी तिथेच टेकवून ती डब्यामागे वाकली, मफलर ओढून काढला आणि पाठीमागे धरला. "काय झालं?" असं तिने विचारलं, पण तिला काय झालं ते कळलं होतं. तो मफलर तिने न्हाणीघरात नेऊन धुतला.

नेवेना आली तोवर मी निवलो होतो. तिने खटका खाली-वर केला आणि मी सुरू झालो. तीनशेच्या तीनशे वाक्यं जागेवर होती.

"अजून काही राहिलं होतं का, बाबा?"

"तुझ्या आईसाठी दोन शब्द होते. उडाले."

"मग आत्ता बोला. मी बाहेर जाते."

"आता गळा संपला आजचा," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच फाटला होता. "जाऊ दे. परत आलो की पाटीवर लिहून दाखवीन. ही गाडी गेली तर गेली. पुढची आहेच."

स्तोयांका कांदा चिरत होती. तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते तिघे गेले. ऑपरेशन नीट झालं, असा फोन शेजारणीला आला. तिसऱ्या दिवशी रादोमिरचं हृदय बंद पडलं. शुद्धीवर येऊन पाटी हातात घ्यायचं त्याला जमलंच नाही.

मग जे होतं ते झालं. काळ्या चौकटीतला त्याचा फोटो इमारतीच्या दारावर लागला, रस्त्यावरच्या झाडांवर लागला, स्टँडच्या काचेवर लागला. ड्रायव्हर लोक फुलं घेऊन आले. घरात माणसं बसली, कॉफी आणि ब्रँडी फिरली, रीतीप्रमाणे पहिला थेंब जमिनीवर सांडला. कोणी मोठ्याने रडलं नाही. स्तोयांका तर मुळीच नाही. ती विचारलेल्याचं उत्तर द्यायची, कप धुवायची, पुन्हा येऊन बसायची. शवपेटीत तिने त्याच्या गळ्याभोवती तो तपकिरी मफलर बांधला, दोन वेढे देऊन, तिथे वारा लागू नये म्हणून. हे नेवेनाने शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

दोन आठवड्यांनी झिवोराद भेटायला आला. कॉफी झाल्यावर नेवेना म्हणाली, "उस्ताद, त्या दिवशी हा मधेच बंद का पडला? बाबा आईसाठी काहीतरी बोलले होते, ते तेवढंच गेलं. तुम्ही तर म्हणाला होतात, सात वर्षं बघायला नको."

झिवोरादला ते लागलं. त्याने तिथेच टेबलावर मला बाहेर काढलं, वजन घेतल्यासारखं हातात तोललं, विजेरी लावून जाळीतून पाहिलं.

"याचा दोष नाही," तो म्हणाला. "हा गुदमरून बंद पडलाय. कोणीतरी याचं तोंड…" आणि तो थांबला. चिमट्याने त्याने जाळीतून काहीतरी ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

तपकिरी लोकरीचा पुंजका होता. बोराएवढा.

टेबलाशी तिघं होती. स्तोयांकाने तो पुंजका पाहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. नेवेनाने पुंजका पाहिला, मग आईकडे पाहिलं. त्या लोकरीचा मफलर गावात एकच होता. तो नेवेनानेच विणून बाबांना वाढदिवसाला दिलेला.

"धूळ आहे," नेवेना म्हणाली.

झिवोरादने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो, धूळच. जुन्या घरांत फार होते. महिन्यातून एकदा पुसत जा." त्याने मला परत बसवलं, स्क्रू आवळले आणि दुसरी कॉफी न घेता गेला.

नेवेना आत गेल्यावर स्तोयांकाने तो पुंजका उचलला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. आई-लेकींमध्ये त्यावर कधी एक शब्दही झाला नाही. चाळीस दिवसांनी उकडलेला गोड गहू घेऊन त्या कबरीवर जाऊन आल्या, सहा महिन्यांनी गेल्या, वर्षाने गेल्या. नंतर नेवेनाचं लग्न होऊन ती नोवी सादला गेली.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. माझी हमी संपली. स्तोयांका आता एकटी असते. रोज दुपारी कॉफी झाल्यावर ती कॉम्प्युटर लावते. नेवेनाने तिला शिकवलंय. तीनशे वाक्यांतली बाकीची ती लावत नाही. फक्त चौऱ्याण्णवावं लावते.

"खिडकी उघड गं जरा, गुदमरतंय."

"नाही उघडणार," ती म्हणते. "प्रोमाया आहे."

मग मला बंद करते आणि कप धुवायला जाते. रडत नाही. तिच्या आतही माझ्यासारखं काहीतरी बसवलेलं असावं, मापापेक्षा जास्त झालं की वीज तोडणारं. माझं तरी निवल्यावर कोणी खटका खाली-वर केला की मी सुरू होतो. तिचं तसं कोणी करत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पंख्याचं बेअरिंग झिजलं. आता फिरताना बारीक कुरकुर येते. मला त्याची लाज वाटली. नेवेना सुट्टीत आली होती, म्हणाली, "आई, हा बदलूया. आवाज करायला लागलाय."

"राहू दे," स्तोयांका म्हणाली. "घरात काहीतरी वाजायला हवं."

त्यामुळे मी अजून इथेच आहे. फार दिवस नाही. आतलं सुकत चाललंय ते मला कळतं. जायच्या आधी, त्या दुपारी रादोमिर जे बोलला ते कोणाला तरी सांगायला हवं. तिला सांगू शकत नाही, माझी कुरकुर तिला शब्द म्हणून ऐकू येत नाही. तेव्हा तुम्हीच ऐका. तो डोळे मिटून म्हणाला होता:

"स्तोयांका, उद्या माझा आवाज जाणार, म्हणून एक कबूल करून टाकतो. मला कधी गुदमरलं नाही. एकेचाळीस वर्षं खिडकी मी मुद्दाम उघडत आलो. तू आतून यायचीस, रागवायचीस, खिडकी लावायचीस, माझा मफलर घट्ट करायचीस. हाक मारून बोलावलं असतं तर म्हणाली असतीस, काम पडलंय. खिडकी उघडली की यायचीस."

एवढंच. ते तिच्यापर्यंत पोहोचलं नाही. तिला वाटतं, तो गुदमरत होता आणि आपण खिडकी लावत होतो.

माझी एक विनंती आहे. कधी वाल्येवोला गेलात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरी कॉफीला बसलात, तर मफलरचा विषय काढू नका. ती मुरंबा देईल, तो खा. आणि ती कप ठेवायला आत गेली, की खिडकी वितभर उघडा आणि वर्तमानपत्र हातात घेऊन गप्प बसा.

ती येईल.